माया भांडे पालथे करून पाहावे

प्रश्न असा आला आहे: माया लोकांची चित्रे, शिल्पे, मूर्ती आणि मातीची भांडी पाहून त्यांचे रोजचे जगणे खरोखर कळते का, की त्यात फक्त राजे, राण्या आणि देवच दिसतात? आणि संग्रहालयात किंवा पडद्यावर अशी वस्तू समोर आली तर तिच्यात नेमके काय पाहायचे?

कळते, आणि पुष्कळ कळते. फक्त चित्राच्या मधोमध पाहून ते कळत नाही. माझे आयुष्य खापऱ्या धुण्यात, जुळवण्यात आणि त्यांच्यावर क्रमांक घालण्यात गेले. आधी दख्खनमधल्या उत्खननांतल्या, मग मध्य अमेरिकेतल्या संग्रहांतल्या. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. माया भांड्यावरचे चित्र आपल्याला एवढेच सांगते की ते करवून घेणाऱ्याला काय मिरवायचे होते. रोजचे जगणे असते ते चित्राच्या कडेला, भांड्याच्या आत चिकटून राहिलेल्या अंशात, बुडाच्या झिजेत, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ते भांडे जमिनीत कुठे आणि कशाच्या शेजारी सापडले त्यात. हे सगळे एकत्र ठेवता आले तर चौदाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या घरात त्या संध्याकाळी काय चालले होते इथपर्यंत पोचता येते. हे मी अलंकारिक बोलत नाही. तशी एक संध्याकाळ खरोखर सापडली आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. माया हे एक साम्राज्य नव्हते. आजच्या मेक्सिकोचा युकातान आणि चियापास भाग, ग्वातेमाला, बेलीझ, होन्डुरास आणि एल साल्वादोरचा पश्चिम भाग या पट्ट्यात त्यांची अनेक नगरराज्ये होती. ती आपसांत लढत, सोयरिकी करत, व्यापार करत. आपण ज्याला माया कला म्हणून ओळखतो त्यातला मोठा वाटा इ.स. २५० ते ९०० या अभिजात काळातला आहे. आणि माया ‘लुप्त’ झाले हे वाक्य मनातून काढून टाका. आजही लाखो लोक तिथे राहतात, तीसेक माया भाषा बोलतात, मका पेरतात, कापड विणतात. जुन्या वस्तू वाचताना त्यांचे ज्ञान पावलोपावली उपयोगी पडते.

आता एक भांडे जवळून पाहू. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात साधारण वीतभर उंचीचा एक उभट प्याला आहे, सातव्या-आठव्या शतकातला. पिवळसर अंगावर तपकिरी-काळ्या बारीक रेषांनी काढलेले चित्र. सिंहासनावर एक म्हातारा देव बसला आहे आणि भोवती नटलेल्या स्त्रिया आहेत. त्यातल्या एकीच्या मनगटावर तो कडे बांधतो आहे. सिंहासनाखाली एक ससा पोथी उघडून लिहीत बसला आहे. दुसऱ्या बाजूला मुखवटे घातलेले दोघे एका बांधलेल्या माणसाचा शिरच्छेद करत आहेत. पुस्तकांतून या देवाबद्दल आणि सशाबद्दल भरपूर लिहिलेले आढळते. मी विद्यार्थ्यांना नेहमी मागच्या बाजूला उभ्या असलेल्या एका बाईकडे पाहायला सांगतो. कथेत तिला काही काम नाही. ती हातातल्या प्याल्यातून एक पेय उंचावरून खाली ओतते आहे, बस्स.

ते कोको आहे आणि ती त्याला फेस आणते आहे. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहिले की फेस चढतो, आणि सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिश लोकांनीही लिहून ठेवले आहे की इथल्या लोकांना त्या पेयातला फेसच सर्वांत आवडे. चित्रकाराला तिचे चित्र काढायचे कारण एवढेच की दरबार म्हटला की कुणीतरी कोको फेसाळत असणारच. माझ्या दृष्टीने हे सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार. जे ठासून सांगायचे आहे त्यात माणूस वाढवून बोलतो. जे सहज काढून टाकले आहे त्यात वाढवायचे काही कारण नसते.

अशा दरबारी चित्रांत आणखीही कितीतरी गोष्टी पडून असतात. ताटात रचलेले तमाले (मक्याच्या पिठाचे वाफवलेले गोळे), राजासमोर धरलेला आरसा, हातातला फुलांचा गुच्छ, पाठीमागची गादी, वर गुंडाळून बांधलेले पडदे. पडद्यांचेच घ्या. माया वाड्यांच्या दगडी दारांच्या आतल्या बाजूला दोरी ओवण्यासाठी केलेल्या खोबणी आजही दिसतात. कापड शेकडो वर्षांपूर्वी कुजून गेले. पण चित्रातला पडदा आणि भिंतीतली खोबण एकमेकांची साक्ष पुरी करतात. दोन स्वतंत्र पुरावे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात तेव्हा माझ्यासारखा माणूस निर्धास्त होतो.

प्याल्यांच्या काठाखाली चित्रलिपीची एक ओळ असते. ती शेकडो भांड्यांवर थोड्याफार फरकाने येते. १९७३ मध्ये मायकेल को या अभ्यासकाने ही ओळ एक ठरावीक मजकूर आहे हे ओळखले; तो अंत्यविधीचा मंत्र असावा असे त्यांना वाटले होते. पुढे १९८० च्या दशकात डेव्हिड स्टुअर्ट आणि इतरांनी ती वाचली, तेव्हा मजकूर अगदी घरगुती निघाला: हा अमुक अमुक व्यक्तीचा कोको पिण्याचा प्याला. म्हणजे चक्क मालकीची नोंद. त्यातला ‘ककाव’ म्हणजे कोको हा शब्द वाचला गेला आणि त्याच सुमारास, १९८४ मध्ये, ग्वातेमालाच्या ईशान्य टोकाला रिओ आसूल इथल्या एका थडग्यात फिरकीचे झाकण असलेले एक रंगवलेले भांडे मिळाले. त्याच्यावर ककाव लिहिले होते. आतला सुकलेला अंश हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासला गेला आणि त्यात थिओब्रोमाइन आणि कॅफीन ही कोकोत असणारी द्रव्ये मिळाली. वर लिहिलेले आणि आत असलेले जुळले.

तशीच जोडी तंबाखूची मिळाली. इ.स. ७०० च्या सुमाराची एक लहान कुपी आहे. तिच्यावर ‘त्याच्या तंबाखूचे घर’ अशा अर्थाचा मजकूर आहे. २०१२ मध्ये तिच्या आतल्या अंशाचे पृथक्करण प्रसिद्ध झाले, त्यात निकोटीन सापडले. भांडी उकरून बाहेर आली की ती चकाचक धुवायची जी जुनी सवय होती तिने किती माहिती गटारात गेली असेल याचा विचार केला की मला आजही वाईट वाटते.

कोको फक्त प्यायला नव्हता. मेक्सिकोच्या चियापासमधल्या बोनाम्पाक इथे इ.स. ७९० च्या सुमारास रंगवलेल्या तीन खोल्या आहेत; माया भित्तिचित्रांत त्या सर्वांत प्रसिद्ध. लोक तिथली लढाई आणि कैदी पाहून थक्क होतात, आणि ते चित्र आहेच तसे. पण पहिल्या खोलीत सिंहासनाजवळ एक पोते ठेवलेले आहे आणि त्यावर आकडा घातला आहे: पाच वेळा आठ हजार, म्हणजे चाळीस हजार कोकोच्या बिया. नजराणा किंवा खंडणी मोजून, लिहून दिली-घेतली जात होती. स्पॅनिश आले तेव्हा याच बिया बाजारात नाण्यासारख्या चालत होत्या. त्याच खोलीत वाजंत्रीही आहेत: लांब कर्णे, खुळखुळे, आणि कासवाच्या पाठीवर हरणाच्या शिंगाने ताल धरणारे.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. सामान्य माणसे चित्रात कधी मुद्दाम काढली गेली का? फार काळ उत्तर ‘जवळजवळ नाही’ असेच होते. २००४ मध्ये मेक्सिकोच्या कांपेचे राज्यातल्या कालाकमुल इथे एक लहानसा पायऱ्यांचा पिरॅमिड उकरताना, त्याच्या पोटात दडलेल्या जुन्या बांधकामाच्या बाहेरच्या भिंती मिळाल्या. त्या साधारण इ.स. ६२० ते ७०० मधल्या. वरून नवे बांधकाम करताना त्या नीट झाकल्या गेल्या होत्या, म्हणून रंग टिकले. आणि त्यांच्यावर राजा नाही, देव नाही, कैदी नाही. खाणारी, पिणारी, वाढणारी, वाहून नेणारी माणसे आहेत. शेजारी छोट्या ओळी लिहिल्या आहेत: मक्याच्या पेजेचा माणूस, तमालेचा माणूस, मिठाचा माणूस, तंबाखूचा माणूस, मक्याच्या दाण्यांचा माणूस, भांड्यांचा माणूस. पेजेच्या चित्रात एकाने वाडगे तोंडाला लावले आहे. मीठवाल्यापुढे मोठी टोपली आहे.

त्यातली एक बाई मी विसरू शकत नाही. तिच्या अंगात पारदर्शक निळे वस्त्र आहे, इतके पातळ की आतले अंग दिसते, आणि वस्त्राच्या काठावर अक्षरांची नक्षी. गालांवर रंग. ती एका दुसऱ्या बाईच्या डोक्यावरचा मोठा हंडा दोन्ही हातांनी सावरते आहे. त्या दुसऱ्या बाईचे वस्त्र साधे आहे. दोघींची पायरी वेगळी हे कपड्यांवरून लगेच कळते, आणि तरी चार हात एकाच हंड्याला लागलेले आहेत. चित्रकाराने डोक्यावर ओझे घेताना मान कशी ताठ होते ते पाहिलेले होते.

या भिंती ज्या आवारात आहेत तिथे लांबट, बुटक्या बांधकामांच्या रांगा आहेत. ती बाजारपेठ असावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे महत्त्वाचे आहे, कारण काही दशकांपूर्वीपर्यंत माया नगरांत खरा बाजार होता हेच अनेकांना मान्य नव्हते. सगळे धान्य, मीठ, दगड राजाकडे जायचे आणि तिथून वाटले जायचे, अशी कल्पना होती. चुंचुकमिल या युकातानमधल्या नगरात मोकळ्या जागेतल्या मातीची रासायनिक तपासणी झाली आणि ओळीने वाढलेले फॉस्फरसचे प्रमाण मिळाले. जिथे खाण्याचे पदार्थ वर्षानुवर्षे विकले, सांडले, तुडवले जातात तिथली माती अशी होते. आणि मीठवाल्याचे मीठ कुठून येत असे? बेलीझच्या दक्षिण किनाऱ्यावर पेन्स क्रीकच्या खाजणात हेदर मॅकिलॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाण्याखाली लाकडी खांबांची मिठागरे मिळाली. खारफुटीच्या चिखलात लाकूड कुजले नाही. मातीच्या भांड्यांत खारे पाणी चुलीवर आटवून मीठ काढत. तिथेच होडीचे एक लाकडी वल्हे मिळाले. वल्हे, भट्टीची खापरे, भिंतीवरचा मीठवाला: तीन ठिकाणचे तीन तुकडे, आणि एका धंद्याची साखळी उभी राहते.

आता ती संध्याकाळ.

एल साल्वादोरमध्ये होया दे सेरेन नावाचे गाव आहे. माया जगाच्या अगदी आग्नेय कडेला. १९७६ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना बुलडोझरने एक मातीची भिंत कापली. दोन वर्षांनी पेसन शीट्स हे पुरातत्त्वज्ञ तिथे पोचले, आणि जे नुकतेच पडलेले घर वाटत होते ते सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचे निघाले. लोमा काल्देरा नावाची ज्वालामुखीची भेग फुटून काही मीटर जाडीची राख गावावर पडली होती. १९९३ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा जाहीर केले.

इथे राजवाडा नाही, कोरीव स्तंभ नाही. शेतकऱ्यांची घरे आहेत, आणि प्रत्येक कुटुंबाची एकापेक्षा अधिक बांधकामे: झोपण्याचे घर वेगळे, कोठार वेगळे, स्वयंपाकघर वेगळे. गावात घुमटाचे छत असलेले एक बाष्पस्नानगृह आहे. भांड्यांत घेवड्याचे दाणे तसेच आहेत. मिरच्या वर टांगलेल्या. (हीच मिरची पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या बाजूने आपल्याकडे आली, सेरेनच्या छताखाली ती आपल्या नऊशे वर्षे आधी लटकत होती.) ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची, धारदार पाती गवताच्या छपरात खोचून ठेवलेली, पोरांचा हात पोचू नये म्हणून. छपरात उंदरांचे सांगाडे. कोठारात बांधून ठेवलेले एक बदक. बाहेर मक्याची ताटे अर्ध्यात मोडून वाकवलेली, कणसे पावसापासून वाचून जागेवरच सुकावीत म्हणून. मेक्सिकोत आणि ग्वातेमालात शेतकरी अजून तसेच करतात.

झाडे-पिके कुजून राखेत पोकळ्या राहिल्या होत्या. त्या पोकळ्यांत दंतवैद्य वापरतात तसले प्लास्टर ओतून, ते घट्ट झाल्यावर भोवतालची राख काढली की पूर्ण रोप उभे राहते. अशा रीतीने मका, घायपात, कोकोचे झाड ओळखले गेले. २००७ मध्ये याच रीतीने कसाव्याच्या कंदांचे अख्खे शेत उघडकीला आले, आणि माया लोक कसावा मोठ्या प्रमाणावर पिकवत होते याचा पक्का पुरावा मिळाला. चित्रे आणि शिलालेख मक्याचे एवढे गुणगान करतात की कंदमुळांकडे कुणाचे लक्षच जात नव्हते. कलेने जे सांगितले नाही ते शेताने सांगितले.

जेवण झालेले होते, भांडी घासलेली नव्हती. एका वाडग्यात शेवटचे अन्न बोटाने निपटून घेतल्याच्या रेघा आहेत. झोपायच्या चटया मात्र अजून वर गुंडाळलेल्याच. यावरून दिवेलागणीनंतरची, निजण्याआधीची वेळ ठरवली गेली. माणसांचे सांगाडे मिळालेले नाहीत. घरांतली माणसे सगळे जागच्या जागी टाकून पळाली.

माझ्या कामाच्या दृष्टीने सेरेनमधली सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. एकेका घरात सत्तरच्या आसपास मातीची भांडी होती आणि त्यातली बरीच रंगीत, चित्रे काढलेली, बाहेरून आणलेली. हिरव्या दगडाची कुऱ्हाडही मिळते. म्हणजे चित्रित भांडे दिसले की ते दरबारातलेच, हा सरधोपट नियम मोडला. शेतकऱ्याच्या घरीही नक्षीचे ताट होते आणि ते तो वापरत होता. पूर्वीच्या उत्खननांत गरिबाघरी हे का दिसत नसे? कारण घर सोडताना चांगले भांडे माणूस बरोबर नेतो. मागे राहते ते फुटके. सेरेनमध्ये न्यायला वेळ मिळाला नाही.

अशी अचानक थांबलेली दुसरी जागा म्हणजे ग्वातेमालातले आग्वातेका. इ.स. ८१० च्या सुमारास शत्रूने हे नगर जाळले. ताकेशी इनोमाता आणि त्यांच्या चमूने तिथली जळलेली घरे उकरली, आणि ही मात्र उच्चकुलीन घरे होती. एका घरात लेखनिकाची अवजारे, रंग वाटायचे खलबत्ते. दुसऱ्यात पायराइट या चकाकणाऱ्या खनिजाच्या तुकड्यांचा आरसा. आणि त्याच घरांत पाटे, स्वयंपाकाची भांडी, सूत कातायच्या चात्या. काझुओ आओयामा यांनी दगडी कुऱ्हाडींच्या धारेवरची झीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि काही कुऱ्हाडी दगड कोरण्यासाठी वापरल्याचे दाखवले. म्हणजे दरबारी माणूस हाताने काम करत होता, आणि त्याच छताखाली बायका दळत-कातत होत्या. राजाच्या स्तंभावर यातले काही कोरलेले नाही.

दळण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण बाईच्या दिवसाचा मोठा भाग त्यात जात असणार. माया पाटा आणि वरवंटा आपल्या पाट्या-वरवंट्यासारखाच, फक्त पुष्कळदा तीन बुटक्या पायांवर उभा किंवा वापरून वापरून पन्हाळीसारखा खोल झालेला. त्याच्यावर भिजवलेला मका वाटला जाई. सोळाव्या शतकात दिएगो दे लांदा या पाद्र्याने लिहिले आहे की बायका मका आदल्या रात्री चुना घातलेल्या पाण्यात भिजत घालतात. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना होणारा पेलाग्रा हा रोग त्यामुळे टळतो. वाटलेल्या पिठाचे बहुतेक तमाले होत, पानात गुंडाळून वाफवलेले. हेही भांड्यांवरून कळले. कार्ल टाउबे यांनी १९८९ मध्ये दाखवले की अभिजात काळातल्या चित्रांत आणि लिपीत तमालेच पुन्हा पुन्हा येतात, आणि भाकरी भाजायचा मातीचा तवा सखल प्रदेशातल्या त्या काळच्या खापऱ्यांत फारच कमी मिळतो. तवा नाही म्हणजे भाकरी फारशी नाही. न सापडलेली वस्तूसुद्धा पुरावा असते, मात्र त्यासाठी सापडलेल्या सगळ्या खापऱ्या मोजलेल्या असाव्या लागतात.

दळणारी बाई मूर्तींत दिसते. बेलीझमधल्या लुबान्तुन इथे साच्यातून काढलेल्या लहान मातीच्या मूर्ती मिळाल्या, त्यातल्या कित्येक शिट्ट्या आहेत. एकीत बाई पाट्यावर दळते आहे आणि तिच्या पाठीला मूल बांधलेले आहे. कांपेचेच्या किनाऱ्याजवळ हाइना बेट आहे. तिथल्या दफनांतल्या मूर्ती जास्त नाजूक, आणि कुठे कुठे माया निळा रंग अजून टिकलेला. (हा निळा नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची पांढरी माती एकत्र तापवून करत; तो उन्हापावसात आणि आम्लातही सहजी उडत नाही.) मेक्सिको शहरातल्या मानववंशशास्त्र संग्रहालयातली हाइनाची विणकरीण जरूर पाहा. मागाचे एक टोक खुंटाला बांधले आहे, दुसरे तिच्या कंबरेला. अंग मागे रेलून ती ताण धरते आहे. कंबरेचा हा माग आजही चियापासमध्ये आणि ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात चालतो.

कापड स्वतः जवळपास नामशेष झाले आहे. दमट हवेत सूत टिकत नाही. युकातानमधल्या चिचेन इत्साच्या पवित्र विहिरीच्या गाळातून काही तुकडे निघाले, बाकी फारच थोडे. म्हणून कापडासाठी दगडाकडे जावे लागते. चियापासमधल्या याश्चिलान या माया नगरातली चोविसाव्या क्रमांकाची द्वारपट्टी, म्हणजे दारावरची कोरीव शिळा, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीत इ.स. ७०९ मधला प्रसंग आहे: ‘काबाल शोक’ नावाची राणी काटेरी दोरी जिभेतून ओढून रक्त अर्पण करते आहे आणि राजा वर मशाल धरून उभा आहे. पाहणारा रक्ताकडे पाहतो. तिच्या अंगावरच्या वस्त्राकडे बघा. चौकटीत चौकट, काठाला वेगळी नक्षी, खाली झालर. शिल्पकाराने विणीची रचना दगडात उतरवली आहे. रक्तार्पणाचा विधी वर्षातून कितीदा होई कोण जाणे, पण वस्त्र रोज कुणीतरी विणत होते, आणि विणणाऱ्या बायकाच होत्या.

मधमाश्यांपुरते एक वाक्य: माद्रिद पोथीत (आता माद्रिदमध्ये असलेल्या जुन्या माया हस्तलिखितात) मधमाशीपालनाची पाने आहेत, आणि ओंडक्याच्या पोळ्याच्या दोन्ही तोंडांना लावायच्या दगडी चकत्या युकातानमध्ये मिळतात. अशा पोथ्या आज फक्त चार उरल्या आहेत. १५६२ मध्ये मानी इथे लांदाने माया पोथ्या जाळल्या; वर ज्याच्या मक्याच्या नोंदीचा मी आधार घेतला तोच हा माणूस. हा संताप बाजूला ठेवून त्याचे लिखाण वापरावे लागते, कारण दुसरे फारसे काही उरलेले नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. जगातल्या संग्रहालयांतली माया चित्रित भांडी पुष्कळशी उत्खननातून आलेली नाहीत. थडगी फोडून, बाजारातून, लिलावातून आली आहेत. वर वर्णन केलेला प्रिन्स्टनचा प्यालाही कला-बाजारातूनच आलेला. १९६० आणि ७० च्या दशकांत ग्वातेमालाच्या उत्तरेकडच्या पेतेनच्या जंगलातली ही लूट फार माजली, आणि अशा वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा १९७० चा युनेस्को करार झाल्यावरही ती एकदम थांबली नाही. लुटलेल्या भांड्यावर चित्र राहते. त्याच्या शेजारी काय होते, ते कुणाच्या पायाशी ठेवले होते, घरात होते की थडग्यात, हे कायमचे जाते. शिवाय विकणारे फिकट रेषा गडद करतात, तुटलेला भाग भरून त्यावर नवे चित्र काढतात. अशा ‘दुरुस्त’ चेहऱ्यावरून कुणी केशरचनेचा अभ्यास केला तर तो विसाव्या शतकातल्या रंगाऱ्याचा अभ्यास ठरतो. म्हणून एखादे भांडे कितीही देखणे असले तरी माझा पहिला प्रश्न ते कुठे सापडले हाच असतो, आणि साध्या, मळक्या, पण जागेची नोंद असलेल्या खापरीला मी वरचे स्थान देतो.

समोर भांडे आले तर काय पाहायचे? काचेत असेल तर पालथे करता येणार नाही, पण वाकून बुडाकडे पाहा. बुडाची कडा घासलेली असेल तर ते रोज उचलले-ठेवले गेले आहे. खालच्या बाजूला काजळीचा थर म्हणजे चुलीवर चढलेले. ताटाच्या आतल्या चित्रावर मधोमध रंग उडालेला असेल तर लोक त्यात जेवले आहेत. ताटाच्या मधोमध मुद्दाम पाडलेले भोक दिसले तर ते थडग्यात ठेवताना वापरातून बाद केलेले आहे. आतल्या बाजूला पांढरी पुटे असतील तर चुन्यात मका भिजवल्याची शक्यता धरा. मग काठावरची लिपीची ओळ, मग चित्राच्या कडा, आणि सिंहासनावर बसलेला माणूस शेवटी.

घरबसल्या पाहायचे असेल तर जस्टिन कर यांनी काढलेली छायाचित्रे शोधा. प्याला गोल फिरवत त्याचे सगळे अंग एका लांब चौकटीत उलगडेल अशी छायाचित्रणाची रीत त्यांनी १९७० च्या दशकात बसवली आणि हजारो भांडी टिपली. प्रत्येकाला क्रमांक आहे. प्रिन्स्टनचा प्याला के ५११. त्या बाईपासून सुरुवात करा. प्रवास करणार असाल तर सेरेन सान साल्वादोर शहरापासून मोटारीने तासाभराच्या आत आहे आणि तिथली घरे छपराखाली जागच्या जागी पाहता येतात. कापडासाठी ग्वातेमाला शहरातले इश्चेल वस्त्रसंग्रहालय. तिथले कापड अलीकडच्या काळातले आहे, पण कंबरेच्या मागावर एक काठ कसा उतरतो हे आधी समजून घेतले तर लंडनमध्ये काबाल शोकच्या वस्त्रापुढे उभे राहिल्यावर नजर आपोआप काठावर जाईल.